लाल माती, राखाडी माती

१

सान लोरेन्सोच्या जत्रेच्या दिवशी ला पोर्फियादा खाणीत सुरुंग उडवायचा नाही, हा नियम केब्रादा सेका गावात कुठेही लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो कुणी मोडत नसे. हा खाणवाल्यांचा संत वर्षातून एकदाच डोंगराच्या पोटातून बाहेर पडून गावात फिरतो. तो घरी नसताना डोंगराची झोपमोड करायची नाही. आवाज करायचाच असेल तर आभाळात करावा. त्यामुळे सकाळपासून दारूचे बाण सुटत होते आणि गावातली सगळी कुत्री खाटांखाली शिरली होती.

बेनिग्नो अराया स्वयंपाकघरात मुलीसमोर परीक्षेची उजळणी करत बसला होता. उभी हयात त्याने सुरुंग उडवण्यात घालवली होती. पण परवाना नवा करायची वेळ आली की हा धिप्पाड माणूस शाळकरी पोरासारखा पुस्तकाला घाबरे. त्याची मुलगी ओतिलिया किनाऱ्यावरच्या शहरात शाळेत इतिहास शिकवायची. जत्रेसाठी घरी आली होती, आणि बापाने तिला कामाला लावलं होतं.

"बारूदकोठाराला कुलपं किती?" तिने पुस्तकातून विचारलं.

"दोन. एकाची किल्ली परवानेवाल्याकडे, दुसऱ्याची साहेबाकडे. दोघं मिळून आले तरच दार उघडतं. नवरा-बायकोच्या भांडणासारखं आहे ते, एकट्याला जमत नाही." त्याने गळ्यातली किल्ली ओढून दाखवली. "आणि किल्ली पितळेची. लोखंडाची ठिणगी पडते. बरोबर की चूक?"

"पुढचा प्रश्न."

"रोसाउरा, ऐकलंस का? तुझ्या लेकीला 'बरोबर' म्हणायला पैसे पडतात!"

उंबऱ्यात बसून माती मळणारी रोसाउरा मान वर न करता म्हणाली, "तू तिला लहानपणी कधी शाब्बास म्हणालास? पेरलं तेच उगवलं."

सुरुंग भरला की भोकाचं तोंड मातीच्या लांबट बोळ्याने बंद करावं लागतं. केब्रादा सेकात हे बोळे घरची बायको वळते आणि प्रत्येक घराची माती वेगळी. अराया कुटुंबाची माती परसातल्या पिमिएंतोच्या झाडाखालची, लालभडक, आणि तडकू नये म्हणून तिच्यात शेळीचे केस मळलेले. ओतिलियाच्या बालपणाचा अर्धा रंग त्याच मातीचा होता.

"शेवटचा प्रश्न. न उडालेला सुरुंग आढळला, तर परवानाधारकाने सर्वप्रथम काय करावे?"

"सर्वप्रथम..." बेनिग्नो थांबला.

बाहेर बाणांची माळ फुटत होती. पण तो खिडकीकडे पाहत नव्हता. भिंतीवरच्या फळीवर मांडलेल्या बशा एकमेकींना लागून बारीक किणकिणत होत्या. तो त्यांच्याकडेच पाहत राहिला.

"फटाके," रोसाउरा म्हणाली.

"हं."

"पापा, उत्तर?"

"उद्या सांगतो, प्रोफे," लेकीला तो लाडाने मास्तरीणबाईच म्हणत असे. "आज संताचा दिवस आहे, मेंदूलाही सुट्टी."

जेवायला निवाल्दो पिसार्रो उशिरा आला. तो बेनिग्नोचा जिवलग मित्र आणि ओतिलियाचा पाद्रीनो, तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरणारा धर्मपिता, आणि त्या नात्याने बेनिग्नोचा कोम्पाद्रे. सणाचं जेवण तो कधी चुकवत नसे. आज मात्र रश्शावर साय धरली तेव्हा तो दारात उभा होता. केस ओले, आणि दोन्ही कानशिलांवर बटाट्याच्या चकत्या चिकटवलेल्या.

"कोम्पाद्रे, मिरवणूक निघायच्या आधीच ढोसलीस वाटतं?" बेनिग्नो म्हणाला.

"छे रे. डोकं फुटतंय. उन्हानं."

"ऑगस्टात? या थंडीत?" रोसाउरा हसली. "हे ऊन विकत कुठं मिळतं, आम्हालाही आण."

"बस, बस. पाव घे. नऊच्या नऊ बोटांनी घे."

निवाल्दोच्या उजव्या हाताची अनामिका फार पूर्वी एका कप्पीत गेली होती, आणि हा विनोद तेव्हापासूनचा होता. निवाल्दो हसला, पण जरा उशिरा. बेनिग्नो हसलाच नाही. कानशिलांवरच्या चकत्यांकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने स्वतः पाव तोडला आणि मित्राच्या ताटात ठेवला.

सोमवारी सकाळी लाल बोळ्यांची टोपली घेऊन तो खाणीवर गेला. ओतिलिया तेव्हा अजून पांघरुणात होती. बशा किणकिणल्या तेव्हा ती जागी झाली. सकाळच्या त्या वेळी त्या कधीच वाजत नसत.

२

चौकशी लवकर उरकली. निष्कर्ष चार ओळींचा होता. शनिवारी अरायाने उडवलेल्या सुरुंगांपैकी एक उडाला नाही. अरायाच्या ते लक्षात आलं नाही. सोमवारी तो कुणालाही बरोबर न घेता आत गेला आणि निष्काळजीपणाने त्या सुरुंगाला हात लावला, त्यात त्याचा मृत्यू झाला. सबब, येत्या शुक्रवारी कामगार सभागृहात सर्वांसमक्ष त्याचा परवाना रद्द करण्यात येईल.

मेलेल्या माणसाचा परवाना रद्द करून काय मिळतं, असं शहरातल्या कुणालाही वाटेल. पण सभागृहाच्या एका भिंतीवर केब्रादा सेकाच्या सगळ्या जुन्या सुरुंगवाल्यांचे परवाने खिळे मारून लावलेले होते, फोटोसकट. निष्कलंक सुटला त्याला ती भिंत. बेनिग्नोचा बाप तिथे होता, आजा होता. शेजारची एक जागा रिकामी ठेवलेली होती, आणि लहानपणी बेनिग्नो ओतिलियाला उचलून ती जागा दाखवत असे. आता तिथे कुणाचाच खिळा बसणार नव्हता. स्वतःचे सुरुंग मोजता न आलेला माणूस, एवढीच त्याची ओळख राहणार होती. पावाच्या दुकानात रोसाउरा आली की बायका बोलणं थांबवायच्या. दोनदा तसं झाल्यावर ती घरीच पाव भाजू लागली.

खाणीवरून बेनिग्नोची कातडी पिशवी परत आली होती. स्फोटाच्या वेळी ती बाहेर खुंटीला होती, म्हणून कुणी उघडलीही नव्हती. शुक्रवारला थोडेच दिवस उरले तेव्हा ओतिलियाने ती उघडली. डब्यात पाव जसाच्या तसा होता. खाली, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी जड.

तो मातीचा बोळा होता. वाळून दगड झालेला. मुठीत धरून भोकात कोंबताना पडलेल्या बोटांच्या खाचा त्यावर तशाच राहिल्या होत्या.

रोसाउराने तो हातात घेतला, उजेडात धरला.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

तो राखाडी होता, घळीत कुणालाही मिळेल तसल्या मातीचा. ओतिलियाने त्याचं एक टोक मोडून पाहिलं. आत एकही केस नव्हता.

"आई, पापांनी कधी दुसऱ्याचे बोळे वापरले होते?"

"दुसऱ्याच्या बायकोचे?" रोसाउरा म्हणाली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. "जिवंत राहिला असता का?"

न उडालेल्या सुरुंगाच्या तोंडातला बोळा जर राखाडी असेल, तर तो सुरुंग बेनिग्नोने भरलाच नव्हता.

३

खाणीचे व्यवस्थापक लाबार्कासाहेब तिला पाहून लगबगीने उठले, खुर्ची पुढे केली, दुःख व्यक्त केलं. मग बसले आणि बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवू लागले. पितळी किल्ल्या लोखंडी किल्ल्यांवर आपटून मंजुळ वाजत होत्या.

"सेन्योरिता, तुमच्या वडलांबद्दल मला आदर होता. पण माणूस थकतो. मोजणी चुकते."

"त्यांची मोजणी कधी चुकली होती?"

"एकदाच चुकावी लागते."

"शनिवारनंतर आत कोणी सुरुंग उडवला होता का?"

"रविवारी? जत्रेला? तुम्ही शिकल्यासवरल्या आहात, पण जन्म तर इथलाच ना? संताच्या दिवशी कोण उडवेल? मी स्वतः तुमच्या वडलांना विनवलं होतं. सोमवारी गिऱ्हाईक यायचं होतं, माल कमी पडत होता. ते म्हणाले, संताला विचारा. आता संताला कुठं विचारू?"

"मग माल भरला?"

लाबार्कांच्या बोटातला जुडगा थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "जमवलं कसंतरी."

"सुरुंगाचा परवाना खाणीत कोणाकोणाकडे आहे?"

"तुमचे वडील होते. आता दोघे गोदोय भाऊ. संपलं. पिसार्रोनं तर गेल्या वर्षीच सोडलं, गुडघे गेले म्हणून." ते पुढे झुकले. "शुक्रवारी तुम्ही काही बोलणार आहात असं कानावर आलं. नका बोलू. घर खाणीचं आहे, तरीही तुमच्या आईला मी तिथून हलवणार नाही. शब्द आहे माझा. पण वाद झाला, तर शब्द कुठवर टिकेल, सांगवत नाही."

ओतिलियाने आभार मानले. ती शिक्षिका होती. उत्तर पाठ करून आलेला मुलगा आणि उत्तर लपवणारा मुलगा यांच्यातला फरक तिला कळत असे. एक खूप बोलतो, दुसरा आधी विनवतो आणि मग धमकावतो.

पण रविवारी माती भरणारा हात लाबार्कांचा नव्हता. त्यांच्या नखांना पॉलिश होतं. मग कोणाचा?

४

निवाल्दोच्या अंगणात शेळी टोपलीत तोंड घालत होती. तो ताडकन उठला, तीन ढांगांत तिच्यापर्यंत गेला आणि शिव्या देत तिला हाकलून आला. गुडघे गेलेला माणूस, असं ओतिलियाच्या मनात आलं.

"बस, मिहिता, पोरी माझी. चहा टाकलाय." तो तिच्या डाव्या हाताला बसला, मग उठून उजव्या हाताला बसला. "आई कशी आहे?"

"घरीच पाव करते."

त्याने मान खाली घातली. "लोकांच्या जिभेला हाड नसतं."

"पाद्रीनो, सोमवारी नेमकं काय झालं?"

"सांगितलंय की चौकशीत."

"मला नाही सांगितलंत."

तो सांगू लागला. पाहणीला बेनिग्नो सगळ्यांच्या आधी एकटा आत गेला, नेहमीसारखा. पण लगेच बाहेर आला. काहीतरी पिशवीत ठेवलं. मग पहिल्या बोगद्यात कामाची तयारी करणाऱ्या सगळ्या माणसांना त्याने बाहेर काढलं. जो रेंगाळला त्याची कॉलर धरली. कुणी आत येऊ नये म्हणून तोंडाशी स्वतः दोरी बांधली आणि सुरुंग भिजवून मारायला, निकामी करायला, पाण्याची नळी खांद्यावर घेतली.

"म्हणजे लोक बाहेर होते ते आपोआप नव्हे. त्यांनी काढले म्हणून."

"त्यानंच काढले. नाहीतर..." निवाल्दो थांबला.

चुलीवरची किटली शिट्टी मारू लागली होती. ती जोरात किंचाळत होती, झाकण थडथडत होतं. निवाल्दो बोलतच राहिला, "माझ्याजवळून जाताना थांबला. बोलला काही नाही. नुसतं बघितलं. खांद्यावर हात ठेवला आणि गेला." किटलीचा आवाज त्याच्या चेहऱ्यावर कुठेच उमटत नव्हता. शेवटी ओतिलिया उठली आणि तिने ती उतरवली. तिला उठलेलं पाहून तो दचकला.

"उकळला वाटतं," तो म्हणाला.

त्याने दोघांचे कप भरले. स्वतःचा कप उजव्या हातात धरला. तर्जनी, मधलं बोट, मग फट, मग करंगळी. त्या फटीतून कपावरचं निळं फूल दिसत होतं.

घरी येऊन ओतिलियाने रुमालातला बोळा आपल्या मुठीत धरला. तिची बोटं खाचांत बसली. एक, दोन. तिसऱ्या बोटाखाली माती सपाट होती, गुळगुळीत. त्याच्यापलीकडे पुन्हा एक खाच.

रोसाउरा येऊन शेजारी बसली तेव्हा तिने बोळा आईच्या हाती दिला आणि निवाल्दोकडचं सगळं सांगितलं. आईने अंगठ्याने ती सपाट जागा चाचपली.

"म्हणून बटाटे," ती हलकेच म्हणाली.

"बटाटे?"

"बरेच दिवस बारूद हाताळलं नाही आणि मग एकदम हाताळलं, की डोकं असं उठतं की भिंतीवर आपटावंसं वाटतं. तुझा बाप प्रत्येक सुट्टीनंतर चकत्या लावून बसायचा. निवाल्दोनं तर वर्षभर हात लावला नव्हता." तिने फळीकडे पाहिलं. "आणि बशा. फटाका वर फुटतो, त्यानं बशा हलत नाहीत. खालून धक्का आला तरच हलतात. मी म्हटलं फटाके. तो 'हं' म्हणाला."

"म्हणजे पापांना रविवारीच कळलं होतं?"

"बशा वाजल्या, आणि पाठोपाठ हा बटाटे लावून दारात. न कळायला काय झालं?"

"मग तिथेच विचारलं का नाही?"

"आपल्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला कोणी असं विचारतं का?"

आता सगळं उलगडत होतं, आणि उलगडलेलं तिला नको होतं. सोमवारी बेनिग्नोने तो बोळा पाहताच ओळखला. तो त्याने तिथेच टाकला नाही, साहेबाला दाखवला नाही. रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. परवाना नसताना सुरुंग लावणाऱ्याला तुरुंग असतो. त्याने मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि मित्राने भरलेला सुरुंग मारायला स्वतः गेला.

बापाचं नाव राखायचं, तर बापाने मरताना झाकलेली गोष्ट चव्हाट्यावर आणायची. आणि झाकलेली तशीच ठेवायची, तर भिंतीवरची जागा कायमची रिकामी.

"आई, मी काय करू?"

"माती मळायला घे," रोसाउरा म्हणाली. "शुक्रवारला लागेल."

५

शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. परवाना कार्यालयातून आलेल्या इंजिनिअर मार्चांत बाई टेबलामागे बसल्या होत्या. काटक, केस आखूड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारी लाबार्कासाहेब. खाली पहिल्या रांगेत गोदोय बंधू, शेवटच्या रांगेत, खांबाआड, निवाल्दो.

मार्चांत बाईंनी चार ओळी वाचल्या. "कुणाला काही म्हणायचं आहे?"

ओतिलिया टोपली घेऊन उठली. तिने टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. घरचा लाल बोळा. पिशवीतला राखाडी बोळा. आणि ओल्या मातीचा मोठा गोळा.

"हा राखाडी बोळा माझ्या वडलांनी सोमवारी सकाळी त्या भोकाच्या तोंडातून काढला आणि मग ते पुन्हा आत गेले. ही त्यांची माती नाही. आमची माती इथल्या प्रत्येकाला माहीत आहे."

"शेळीच्या केसांवाली!" मागून कोणीतरी ओरडलं. "रोसाउराच्या शेळ्या टकल्या झाल्यात त्यापायी!"

लोक हसले. त्या महिन्यात त्या सभागृहात पहिल्यांदाच कोणी हसलं होतं.

"माती कुठूनही येते," लाबार्का म्हणाले. "घरची संपली असेल."

"अर्धी टोपली अजून घरी आहे, साहेब. पण मातीचं राहू द्या. यावर मूठ आहे. बाई, परवानेवाल्यांनी एकेक बोळा वळून मुठीत दाबावा, एवढीच माझी विनंती आहे."

मार्चांत बाईंनी चष्मा वर सरकवला. "दाबा."

थोरला गोदोय पुढे आला. "नंतर हात धुवायला पाणी द्याल ना, प्रोफे?" त्याने बोळा दाबला. चार खाचा. धाकट्याने दाबला. चार. ओतिलियाने बापाचे जुने लाल बोळे काढले, मुठीत दाबून न वापरता परत आणलेले, वाळलेले, एक जत्रेच्या आदल्या दिवशीचासुद्धा. त्यांवरही चार. मग तिने राखाडी बोळा बाईंपुढे धरला. बाईंनी तो फिरवला, तिसऱ्या जागेवर बोट ठेवलं, आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

लाबार्का मोकळेपणाने हसले. "झालं? म्हणजे गोदोयांचाही नाही. परवाना असलेल्या कुणाचाच नाही. यातून सिद्ध काय झालं, सेन्योरिता?"

"तेच, साहेब," ओतिलिया म्हणाली. "परवाना असलेल्या कुणाचाच नाही."

हसू लाबार्कांच्या चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, खिळ्याला अडकलेल्या कपड्यासारखं.

"तो सुरुंग परवाना नसलेल्या हाताने भरला. रविवारी. जत्रेच्या फटाक्यांत आवाज लपेल म्हणून. तो हात कुणाचा, हे मला माहीत आहे." तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं नाही. "पण मी ते सांगणार नाही. माझ्या वडलांनी सांगितलं नाही. हा बोळा त्यांनी लपवला, कारण तो माणूस त्यांचा होता. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे, की ज्या सुरुंगाने ते गेले तो त्यांचा नव्हता. त्यांची मोजणी चुकली नव्हती. आणि ते एकटे आत गेले ते निष्काळजीपणाने नव्हे. आधी सगळ्यांना बाहेर काढून गेले. ज्यांना बाहेर काढलं ती माणसं इथंच बसली आहेत."

"माझी कॉलर फाटली त्यात!" एकजण उठून उभा राहिला. "चौकशीत हे कुणी विचारलंच नाही!"

"मलाही ढकललं त्यानं." "मलाही."

"शांत बसा!" लाबार्का ओरडले. "नाव सांगत नाही, म्हणे! हवेतल्या गप्पा! बाई, हे सगळं..."

खांबाआडून निवाल्दो आला.

तो सावकाश चालत आला आणि लोक बाजूला होत गेले. टेबलाशी आल्यावर त्याने ओल्या गोळ्यातली मूठभर माती घेतली, बोळा वळला, उजव्या हातात धरला आणि दाबला. मग तो राखाडी बोळ्याशेजारी ठेवला. दोन खाचा, सपाट जागा, एक खाच. दोन्हींवर.

"कान गेलेत माझे," निवाल्दो म्हणाला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "गेल्या वर्षी कानांच्या तपासणीत नापास झालो. परवाना गेला. लाजेनं गुडघ्यांचं नाव सांगितलं. पण साहेबाला ठाऊक होतं, माझा कागद त्याच्याच हातातून गेला. म्हणाला, कागद कार्यालयाला लागतो, मला हात लागतात. नाहीतर नोकरीही जाईल. रविवारी मी उडवले. पायाला धक्के मोजले. दोन एकदम आले की एकच, कळलं नाही. मी त्याला सांगितलं, एखादा राहिला असेल. तो म्हणाला, अरायाला सांगशील तर तुरुंगात तू जाशील." त्याने डोळे पुसले, गालाला माती लागली. "सोमवारी मला आत जायला हवं होतं. ज्यानं भरला त्यानंच मारायचा, हा रिवाज. माझे पाय हलले नाहीत. कोम्पाद्रेनं बघितलं आणि माझ्या जागी गेला."

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय!" लाबार्का उठले. "बारूदकोठाराला दोन कुलपं आहेत! एक किल्ली अरायाच्या गळ्यात, गोदोयांची त्यांच्याकडे. परवानेवाल्याशिवाय मी कोठार उघडलं तरी कसं?"

ओतिलिया याच प्रश्नाची वाट पाहत होती.

"परवाना गेला की त्याची किल्ली कुठे जमा करायची असते, बाई?"

"आमच्याकडे. कार्यालयात," मार्चांत बाई म्हणाल्या.

"पाद्रीनोंची आली?"

बाईंनी क्षणभर आठवलं. "हरवली असं कळवण्यात आलं होतं. व्यवस्थापकांकडून."

"साहेब, तुमचा जुडगा टेबलावर ठेवता?"

लाबार्कांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. थोरल्या गोदोयने अगदी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ठेवा ना, साहेब. ठिणगी पडणार नाही, पितळेच्या आहेत."

जुडगा टेबलावर पडला. लोखंडी किल्ल्यांत दोन पितळी किल्ल्या होत्या. मार्चांत बाईंनी त्या वेगळ्या केल्या. एक साहेबाच्या कुलपाची. दुसऱ्या किल्लीच्या कडीला लाल दोऱ्याचा तुकडा अजून बांधलेला होता.

"तो दोरा माझ्या बायकोनं, मार्तानं बांधला होता," निवाल्दो म्हणाला. "हरवू नये म्हणून."

मार्चांत बाईंनी चार ओळींचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि दोन्ही तुकडे लाबार्कांपुढे ठेवले. "तुम्ही कुठेही जायचं नाही. पिसार्रो, तुम्हीही. पण तुम्ही स्वतःहून आलात, हे मी सगळ्यांत वर लिहीन." मग त्या सभागृहाकडे वळल्या. "बेनिग्नो अराया यांचा परवाना निष्कलंक आहे. खिळा कोणाकडे आहे?"

डोक्यावरच्या शिरस्त्राणांवर मुठी आपटण्याचा असा आवाज उठला, की बाहेर चौकात बसलेली कुत्री पळाली. एकाच वेळी कित्येक हातांनी खिळे पुढे केले. हातोडी थोरल्या गोदोयला मिळाली, पण रोसाउराने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"सरक," ती म्हणाली. "तू वाकडा ठोकशील."

६

संध्याकाळी पोरांनी जत्रेचे उरलेले सगळे बाण सोडले. साऱ्या आभाळात उजेड आणि दणका. घरी रोसाउराने फळीकडे पाहिलं. एकही बशी हलली नाही, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. मग तोंड धुऊन, एप्रनला ओले हात पुसत, पावाच्या दुकानात गेली. तिथे कुणीही बोलणं थांबवलं नाही. उलट, सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

ओतिलिया सभागृहात परतली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. भिंतीवर तिचा आजा, पणजोबा, आणि शेजारी फोटोतला तो, न हसता बघणारा, कारण परवान्याच्या फोटोत हसायचं नाही असा नियम असतो. खिळा सरळ होता. तिने पिशवीतून उजळणीचं पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं.

"न उडालेला सुरुंग आढळला, तर परवानाधारकाने सर्वप्रथम काय करावे?" तिने मोठ्याने वाचलं. रिकाम्या सभागृहात तिचा आवाज वर्गात घुमावा तसा घुमला.

तिने उत्तरासाठी थोडं थांबून पाहिलं. ते विद्यार्थ्याने सोमवारी सकाळी, कॉलरी धरधरून, दोरी बांधून देऊन ठेवलं होतं.

"सर्वप्रथम माणसं बाहेर," ती म्हणाली. पुढचा प्रश्न नव्हता. तिने पुस्तक मिटलं.

"बरोबर, पापा. तेही बरोबर, आणि त्या दिवशीचं सगळंच बरोबर होतं. शाब्बास."